सातव्या श्वासाच्या आधी

कोबस,

त्या दिवशी दुपारी मी तुला दोनदा शब्द दिले आणि तू दोन्ही वेळा ते उचलले नाहीस.

तुझं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. मी पोह्यांचा डबा घेऊन आत आले, तर तू खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसलेला, डोळे उघडे, ओठ जरासे विलग. ही मुद्रा मला तोंडपाठ होती. तुझ्या एकपात्री प्रयोगाची सुरुवात तू अशीच करायचास. बसायचं, लोकांकडे बघायचं, ओठ उघडायचे आणि लगेच बोलायचं नाही. मी पडले प्रॉम्प्टर. सवयीने, दबक्या आवाजात, माझ्या तोंडून तुझे पहिले दोन शब्द गेले. 'खुयेनांट, फ्रीन्डे.' तुझ्या आफ्रिकान्समध्ये, शुभ संध्याकाळ, मित्रहो. थांबले. परत दिले. मग तुझ्या डाव्या पायातला जँडल, इथली रबरी चप्पल, गळून पडलेला दिसला आणि तू तो चढवत नाहीयेस हे लक्षात आलं. मेलेल्या माणसाला प्रॉम्प्ट करणारी मी पहिलीच बाई असेन. तू असतास तर हा किस्सा वर्षभर सगळ्यांना सांगितला असतास आणि दर वेळी त्याला थोडा मीठमसाला लावला असतास.

तुझ्याशी सगळं इंग्रजीत बोलले, तिथे 'यू' म्हटलं की भागायचं. आता मराठीत लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला अडले. माझ्यापेक्षा तेहतीस वर्षांनी मोठा माणूस, अहो-जाहोच करायला हवं. इथल्या मराठी मंडळातली सगळी तुला कोबसकाका म्हणायची. पण आपल्याकडे देवाला अरे-तुरेच करतात, तू आता त्याच्याच गावचा, आणि तू काही काका म्हणवून घेण्याइतका शहाणा नव्हतास.

आमच्या मंडळाच्या नाटकाची तालीम टाकानिनी उपनगरात माझ्या गॅरेजमध्ये चालायची, रविवारी दुपारी. तू शेजारच्या युनिटमध्ये नुकताच राहायला आला होतास. आमचा आरडाओरडा ऐकून कुणीतरी तक्रार करायला येणार याची मला खात्री होती, कारण इथली नवी घरं इतकी खेटून बांधली आहेत की शेजारी शिंकला तर आपण रुमाल शोधतो. तू आलास, दारात उभा राहिलास आणि हेमंतकडे बोट दाखवून म्हणालास, "हा उंच माणूस खोटं बोलतोय."

हेमंत म्हणजे आमचा कायमचा नायक. दिवसा आयटीत असतो. तो भडकला. "सॉरी मेट, तुम्हाला मराठी येतं का?"

"गरज नाही. तू वाक्य संपायच्या आधीच पुढचा श्वास घेतोस. मनातलं बोलणारा माणूस असं करत नाही."

मग तू वॉशिंग मशीनला वळसा घालून मागे आलास. तिथे मी प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन. "आणि नीट श्वास घेणारं एकच माणूस आहे, ते तुम्ही इथे लपवून ठेवलंय," असं म्हणून तू हसलास. बारा वर्षं मी त्या मंडळाची प्रॉम्प्टर होते. मला बघायला वॉशिंग मशीनला वळसा घालणारा तू पहिला.

पुढची तीन नाटकं तू बसवलीस. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तू आमच्याकडे पाठ करून बसायचास, गॅरेजच्या बंद शटरकडे तोंड करून, आणि नुसतं ऐकायचास. मध्येच हात वर करायचास. "इथे कुणीतरी घाबरलं." बरोबर तिथेच कुणीतरी वाक्य गाळलेलं असायचं. हेमंत म्हणायचा, "यार, हा माणूस क्रीपी आहे." पण दुसऱ्या नाटकापासून हेमंतचा श्वास सुधारला, हेही खरं.

तू कोण होतास हे मला शनिवारी कळत गेलं, पुकेकोहेच्या रस्त्यावर. मी भाजीला निघाले की तू न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसायचास, लांब पायांसाठी सीट पार मागे सरकवून. सोळाव्या वर्षी तू रेडिओवर घोड्यांच्या टापा वाजवायचास, नारळाच्या करवंट्यांनी. मग तिकडे, तुझ्या देशात, फिरती नाटक कंपनी. एक ट्रक, चार पडदे, धुळीतली गावं, शाळेचे नाहीतर चर्चचे हॉल. कान मोठे म्हणून चोविसाव्या वर्षी तुला म्हाताऱ्यांच्या भूमिका मिळायला लागल्या आणि खरा म्हातारा झालास तेव्हा लोक म्हणाले, आता पूर्वीसारखा म्हातारा करत नाही. तुमच्याकडे टीव्ही उशिरा आला. आला तसा तू त्यात डॉक्टर झालास, आणि दुकानात बायका तुला जीभ काढून दाखवू लागल्या. दोन सिनेमे दिग्दर्शित केलेस. त्यातल्या एकाची एकही प्रिंट उरलेली नाही. त्याच्याबद्दल तू सगळ्यात प्रेमाने बोलायचास, म्हणायचास की तो आता कुणी वाईट ठरवू शकत नाही. आणि इथे आल्यावर काय, तर एका मालिकेत तीन वाक्यांचा परदेशी खलनायक, जो दुसऱ्याच भागात मरतो, आणि किवीफ्रूटच्या जाहिरातीत खूश आजोबा. ती जाहिरात लागली की माझी ईशा ओरडायची, "मम, नेक्स्ट-डोअर कोबस इज ऑन!"

एकदा मी तुला सरळ विचारलं होतं. त्या गावांतल्या तुमच्या गोऱ्यांच्या हॉलमध्ये माझ्यासारख्या सावळ्या बाईला आत सोडलं असतं का? तू बाहेर कांद्याच्या शेतांकडे बघितलंस. मला वाटलं, आता नेहमीची सारवासारव येणार. "नाही," तू म्हणालास. "सोडलं नसतं. आणि खरं सांगू? मी विचारलंही नसतं. स्वयंपाकघरातली काळी माणसं मागच्या खिडकीतून ऐकायची. ती कुठे हसतात ते मला ऐकू यायचं. प्रेक्षक हसायचे त्याच्या आधी हसायची ती." मी म्हटलं, मग खिडकी उघडायचीस. तू म्हणालास, उघडायला हवी होती. त्यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण मी अजून चार शब्द सुनावले, आणि परत येताना आपण एकमेकांशी बोललो नाही. तो वाद तसाच राहिला. मला तुझा राग आला होता आणि तू खोटं बोलला नाहीस म्हणून तुझ्यावर विश्वासही बसला होता, दोन्ही एकाच दिवशी.

मग तू विसरायला लागलास. आधी किटली, मग गुरुवार, मग एकदा स्वतःच्याच घराचा नंबर. तेव्हाच घाटापलीकडच्या टौरंगातल्या तुझ्या लोकांनी तुला बोलावलं. तिथे आफ्रिकान्स बोलणारी पुष्कळ कुटुंबं, तुझी मुलगी आनेके तिथेच. रविवारी संध्याकाळी सहाला हॉल, तू आणि एक खुर्ची. तुझ्या साऱ्या कारकिर्दीच्या गोष्टी. तू मला म्हणालास, "विंगेत तू बसशील."

मी म्हटलं, मला तुझ्या भाषेतलं काही येत नाही.

"म्हणूनच. माझ्या लोकांतलं कुणी बसलं तर ते मला सुधारेल. तू फक्त मी दिलेलं परत देशील."

आणि कागदावर काहीच नव्हतं. चाळीस वर्षं तू त्या गोष्टी तोंडी सांगत आलास, आणि आता हात लिहिताना थरथरायचा. म्हणून तू बोललास आणि मी लिहिलं. रोमन लिपीत तुझे उच्चार माझ्या डोक्यात राहीनात, तेव्हा मी सरळ देवनागरीत लिहून काढलं. शाळेची दोनशेपानी वही, सगळी आफ्रिकान्स, सगळी बाळबोध अक्षरात. तुला ती वाचता येत नव्हती आणि मला कळत नव्हती. समासात मी मराठीत खुणा केल्या, कुठे काय चाललंय ते तू सांगशील तसं. आणि उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे तुझा एक श्वास. तू कुठे किती थांबतोस ते मी मोजून ठेवलं होतं.

एका पानाच्या समासात माझ्या अक्षरात लिहिलंय: 'बायको गेली. त्याच संध्याकाळी प्रयोग केला. दोन रेघा. विनोद. हशा.'

ती गोष्ट तुझी सगळ्यात गाजलेली. कंपनी तीनशे मैलांवर, घरून तार आली, तू तार खिशात घातलीस आणि स्टेजवर गेलास. मग दोन श्वास. मग, 'हॉल इतका भरला होता की तिला तसंही बसायला जागा मिळाली नसती.' लोक हसायचे, डोळे पुसायचे, टाळ्या वाजवायचे. वर्तमानपत्रांनी तुला त्यासाठी थोर म्हटलं होतं. तेव्हा आनेके अकरा वर्षांची होती आणि घरी एकटी होती, हे मात्र त्या गोष्टीत कुठे येत नव्हतं. ते मला आनेकेनेच एकदा तुझी भांडी घासताना सांगितलं होतं.

प्रयोगाला ती आली. तिसऱ्या रांगेत, हिरव्या रेनकोटमध्ये. मला विंगेतून दिसत होती. तू सुरेख रंगला होतास, कुठे अडखळला नाहीस. ट्रकची गोष्ट झाली, टापा झाल्या, जीभ दाखवणाऱ्या बायका झाल्या. मग तार आली. तू खिशाला हात लावलास आणि थांबलास. एक श्वास. दोन. माझी नजर पुढच्या ओळीवर. तीन. तू तिसऱ्या रांगेकडे बघत होतास. चार. पाच. मला वाटलं, गेलं, गुरुवारसारखं गेलं, आता सगळ्यांसमोर याची शोभा होणार. सहाव्या श्वासाला मी दिलं. 'दी साल.' हॉल. दोनच शब्द.

तू मान वळवून विंगेकडे बघितलंस. ती नजर मला अजून दिसते. राग नव्हता तिच्यात. झोपेतून कुणी उठवल्यावर आपण बघतो तसा बघत होतास. मग पुढे वळलास आणि घेतलेल्या शब्दांवरून पूर्ण वाक्य म्हणालास, अगदी छान, चाळीस वर्षांचा हात बसलेला. हॉल हसला. टाळ्या पडल्या. आनेके उठली, पर्स घेतली आणि माणसांचे गुडघे ओलांडत बाहेर गेली.

परतताना कायमाईच्या घाटात धुकं होतं. तू म्हणालास, "मी विसरलो नव्हतो."

"सहा श्वास थांबला होतास, कोबस. मी मोजले."

"सातव्याला बोलणार होतो."

"काय बोलणार होतास?"

"ते तुला सांगून काय करू? तू विंगेत असतेस."

मी चिडले. म्हटलं, तू विसरला होतास आणि आता ते कबूल करायची लाज वाटतेय. म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये, पण मी घाबरले होते, आणि घाबरले की मी भांडते. तू नुसता काचेवरचं धुकं बघत राहिलास. मग मी म्हटलं, ठीक आहे, तसं असेल तर आनेकेला फोन कर, माझं नाव सांग, तो विनोद माझ्यामुळे झाला म्हणून सांग. तू म्हणालास, आमच्या कंपनीत एकच नियम होता, नटाने प्रॉम्प्टरवर ढकलायचं नाही. तोंडातून गेलेलं वाक्य नटाचं. "आणि तूही तिला सांगायचं नाहीस." फोनवर सांगण्यासारखं असतं तर इतकी वर्षं फोन होताच, असंही म्हणालास. तुला खरं बोलायला समोर अंधार आणि शंभर माणसं लागायची. असल्या बापाचं मुलीने करावं तरी काय?

त्यानंतर चार महिने ती तुझ्याकडे आली नाही. मी रोज ठरवायचे, आज तिला कळवू. तू घातलेली शपथ माझ्या फार सोयीची होती, कोबस. मग मी पोह्यांचा डबा घेऊन आले.

तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ईशाने मला ओट्यापाशी हटकलं. मी कणीक मळत होते. "मम, स्टॉप इट. यू आर डुइंग हिज व्हॉइस."

"कुणाचा आवाज? काहीतरीच काय."

"कोबसचा. द कॉफ अ‍ॅन्ड एव्हरीथिंग." ती मराठीत अर्धं वाक्यही क्वचित बोलते, त्यामुळे तो 'कोबसचा' मला उगाच टोचला. मी गप्प होते, अशी माझी समजूत. ती म्हणाली, तू अर्धा तास बोलते आहेस.

मग ते होतच राहिलं. मोटरवेवर, डेअरीत दुधाच्या रांगेत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. वहीतली पानंच्या पानं, न कळणारी, माझ्या तोंडून आपोआप, तुझ्या थांबण्यासकट. शनिवारी पुकेकोहेला गेले. आपल्या भाजीवाल्या आजींनी मेथीची जुडी दिली, माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "आज काका उतरले नाहीत?" त्यांना कळलं नसणार, कुणी सांगितलं असणार? मी वळून बघितलं. सीट तशीच पार मागे सरकवलेली. घरी येताना गाडी रिकाम्या सीटच्या पट्ट्यासाठी पिंग पिंग करत राहिली. नवरा म्हणतो सेन्सर बिघडलाय. मी शेवटी वाटेतल्या ड्रुरीपाशी गाडी थांबवली आणि पट्टा लावून टाकला. तेव्हा बंद झाली.

आनेकेचा फोन आला तो याच दिवसांत. आवाज कोरडा. टौरंगात त्याच हॉलमध्ये तुझ्यासाठी सगळे जमणार होते. "पपांचे सगळे कागद पाहिले. तो प्रयोग कुठेच लिहिलेला नाही. तुझ्याकडे आहे का?"

"आहे. पण तुला वाचता येणार नाही."

मी तिला वहीचं सांगितलं. ती म्हणाली, "तू येऊन वाच."

"पूर्ण?"

"पूर्ण. तो विनोदसुद्धा. मी त्या दिवशी मधून उठले. त्यानंतर ते काय म्हणाले ते मला ऐकायचंय."

त्यानंतर तू काही म्हणाला नव्हतास. त्यानंतर कंपनीच्या मांजराची गोष्ट होती. हे मी तिला सांगितलं नाही. विंगेतली सवय, दुसऱ्याच्या तोंडामागे लपायचं.

मंडळाची दोन गाड्या भरून माणसं आली, हेमंतने चिवडासुद्धा आणला. तुझ्या लोकांनी आम्हाला उजवीकडच्या रांगा दिल्या. स्टेजवर तुझी खुर्ची होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा विंगेच्या बाहेर, हातात वही. माझा प्रश्न साधा होता. विनोद वाचला तर बापाने केलेली चेष्टा आनेकेला दुसऱ्यांदा ऐकावी लागणार, तीही माझ्या तोंडून, जिने ती आधी करवली. गाळला तर तू दिलेलं मी बदललं, आणि तुझा माझ्यावरचा सगळा भरवसाच मुळी मी बदलणार नाही यावर होता. टौरंगा येईपर्यंत ठरलं नव्हतं. उभी राहिले तेव्हाही नाही.

वाचत गेले. माझे उच्चार ऐकून पुढच्या म्हाताऱ्या हसल्या, चांगल्या मनाने. ट्रक झाला, टापा झाल्या. तारेचं पान आलं. दोन रेघा. मी थांबले, आणि मग माझ्याने पुढे जाववेना. 'दी साल' हे शब्द समोर होते, माझ्याच अक्षरात. मी मोजायचा प्रयत्नच केला नाही. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं आणि तेही थांबलं. मग माझ्या लक्षात आलं की डावीकडच्या रांगांतलं कुणीच माझ्याकडे बघत नाहीये. ते सगळे खुर्चीकडे बघत होते. माझ्या उजव्या बाजूचा दंड, खुर्चीकडचा, गार पडला होता, दार उघडं राहिल्यासारखा.

तिसऱ्या रांगेतून आनेके म्हणाली, "या, पा." हो, बाबा. अगदी हळू, एखाद्याने काही विचारल्यावर म्हणावं तसं. तिच्या शेजारच्या बाईने तोंडावर रुमाल धरला. मी पान उलटलं आणि मांजराची गोष्ट वाचली.

चहाच्या वेळी हेमंत जवळ आला. "काय गं मेधा, मध्येच केवढी थांबलीस. आम्हाला वाटलं पान हरवलं. एवढी पिन-ड्रॉप शांतता, मला तर टेन्शनच आलं."

मी स्वयंपाकघरात गेले. आनेके कप विसळत होती. मी फडकं घेतलं, चार कप पुसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, आनेके, त्या दिवशीचे दोन शब्द माझे होते. ते विसरले नव्हते, मला तसं वाटलं. तुझ्याकडे बघत थांबले होते आणि मी त्यांना तोडलं. त्यांनी मला सांगायला बंदी केली होती आणि मला ती बंदी बरी पडली.

ती नळाखाली हात धरून उभी राहिली. माझी अपेक्षा होती की ती मला हाकलून देईल. "मग खरं काय म्हणणार होते ते?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही. मला सांगितलं नाही."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "माहीत नाही काय? आत्ता तर म्हणालीस."

"मी काहीच म्हटलं नाही. मी नुसती थांबले होते."

"मेधा, सगळ्यांनी ऐकलं. तुझं बाकी सगळं ऐकताना मला हसू येत होतं, सॉरी. तेवढं एकच वाक्य स्वच्छ होतं. एक मूस हेइस तू खकॉम हेट."

त्याचा अर्थ तिने सांगितला. मी घरी यायला हवं होतं.

मी वही उघडली. ते पान, त्याच्या मागचं, पुढचं. ते वाक्य कुठेच नव्हतं. तू मला ते कधी दिलंच नव्हतंस. मी तिला म्हटलं, परत सांग, आणि तिच्यामागे म्हणून बघितलं. मधला तो घशातला खरखरता 'ख' मला आला नाही. तिने सुधारलं. परत चुकलं. तिसऱ्यांदा तर वाक्याचे शब्दच उलटसुलट झाले आणि ती म्हणाली, "नाही, असं नाही, मघाशी म्हणालीस तसं म्हण." मग तिचा चेहरा बदलला आणि तिने हळूच नळ बंद केला.

आम्ही दोघी खिडकीतून हॉलमध्ये बघत राहिलो. लोक खुर्च्या एकावर एक रचून ठेवत होते. तुझ्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता.

तू विसरला नव्हतास, कोबस. माझं चुकलं.